संडेस्कूलच्या पोरांना शिकवायचं कसं: तिकटीवरचे तीन रस्ते आणि एक दाखला

आमच्या चर्चच्या मंडळीत मागच्या महिन्यापासून दोन नवीन मुली संडेस्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, शिकवायला यायला लागल्यात, दोघी कॉलेजला आहेत, उत्साह भरपूर. पहिल्याच रविवारी उपासना सुटल्यावर चपला घालता घालता त्यांनी मला विचारलं, मावशी, नेमकं करायचं काय असतं, पुस्तकातलं वाचून दाखवायचं का? मी तिथंच उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं पण घरी आल्यावर वाटलं की हे असं पाच मिनिटांत सांगायचं काम नाहीये. मी साताऱ्यात गेली बावीस वर्षं रविवारी चर्चमध्ये आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी घरी मुलांना घेऊन बसते, दुसरीपासून नववीपर्यंतची मुलं, कधी सात असतात कधी पंधरा. त्यातून जे हाताला लागलं ते लिहिते, त्या दोघींसाठी आणि अजून ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या ख्रिस्ती शाळांमध्ये, म्हणजे युरोपात मध्ययुगात, शिक्षणाची पहिली पायरी तीन विषयांची असायची: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. याला लॅटिनमध्ये त्रिव्हियम म्हणायचे, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे तीन रस्ते मिळतात ती जागा. म्हणजे आपली तिकटी की! त्यानंतर पुढचे चार विषय, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. १९४७ साली डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनं ऑक्सफर्डमध्ये एक भाषण दिलं, त्यात तिनं म्हटलं की हे तीन रस्ते मुलाच्या वाढीशीपण जुळतात, लहान पोराला पाठ करायला आवडतं, जरा मोठं झालं की ते वाद घालतं, आणि त्याहून मोठं झालं की त्याला स्वतःचं काहीतरी म्हणायचं असतं. त्या भाषणावरून पुढं अमेरिकेत १९८० नंतर बऱ्याच ख्रिस्ती शाळा निघाल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमच्या घरातलीच पोरं आली, धाकटी सारखं बडबडगीतं म्हणणारी आणि मधला प्रत्येक गोष्टीला "पण का?" म्हणणारा.

पण एक सांगते, हे वयाचे कप्पे फार घट्ट धरू नका. सहावीतली मुलगी पाठ पण करते, वाद पण घालते आणि कधी कधी असं काही बोलून जाते की आपण गप्प होतो. माझा अनुभव असा की तिन्ही रस्ते एकाच धड्यात चालता येतात, आणि तसंच करावं. ते कसं, हे मी एका दाखल्यावरून, म्हणजे येशूनं सांगितलेल्या एका गोष्टीवरून, सांगणार आहे, पण त्याच्याआधी शिकवणाऱ्यानं स्वतः काय करायचं ते.

शनिवारी रात्री पुस्तक उघडू नका. बुधवारीच उघडा. उद्याचा धडा आहे म्हणून वाचलं की आपण पोरांना काय सांगायचं एवढंच शोधत बसतो. बुधवारी वाचलं की तो भाग आपल्यासोबत भाजी निवडताना असतो, एसटीत असतो, आणि शुक्रवारपर्यंत त्यातली एखादी तरी गोष्ट आपल्याला नव्यानं दिसते. ती दिसल्याशिवाय वर्गात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

याबद्दल ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या काळच्या बिशपनं फार सुंदर लिहून ठेवलंय. इ.स. ४०० च्या आसपास कार्थेजमधल्या देओग्रातियास नावाच्या एका डीकननं, म्हणजे चर्चच्या सेवकानं, त्याला कळवलं होतं की विश्वासात नव्यानं येणाऱ्यांना मी शिकवतो पण बोलता बोलता माझं मलाच कंटाळवाणं वाटायला लागतं, काय करू? सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि दुखणं अगदी आपलंच. ऑगस्टीननं उत्तरात त्याला एक लांबलचक लेखच लिहून पाठवला, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनात कायमची बसलीये. तो म्हणतो की एखादी सुंदर जागा आपण रोज बघतो आणि आपल्याला तिचं काही वाटेनासं होतं, पण जेव्हा आपण ती कुणालातरी पहिल्यांदा दाखवायला नेतो तेव्हा त्याच्या आनंदानं आपला आनंद परत नवा होतो, आणि जितकं आपलं त्याच्यावर प्रेम जास्त तितकं ते जास्त नवं होतं. साताऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना कासला नेतो, ठोसेघरला नेतो, आपण शंभरदा बघितलेला धबधबा, पण पाहुण्याचं पोरगं कठड्यापाशी जाऊन "आईशप्पथ" म्हणतं आणि आपल्याला पण तो पहिल्यांदा बघितल्यासारखा वाटतो. वर्गात जाताना असं जायचं. कुणालातरी कास दाखवायला निघालोय असं.

त्याच लेखात अजून एक बारीक गोष्ट आहे, ऐकणारा उभा राहून दमला असेल तर त्याला बसायला द्या, जांभया यायला लागल्या तर मध्येच काहीतरी वेगळं, त्याला जाग येईल असं बोला. इतका मोठा बिशप आणि त्याचं लक्ष समोरच्याच्या पायांकडे आहे! म्हणून वर्गात गेल्यावर पहिल्यांदा खिडक्या उघडा, सतरंजी सावलीत ओढा, कोण नाश्ता न करता आलंय ते बघा. उपाशी पोराला कुठलाच रस्ता चालवत नाही.

आता दाखला. लूककृत शुभवर्तमानातला दहावा अध्याय, चांगल्या शोमरोन्याचा दाखला. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, मंदिरातला एक याजक म्हणजे पुरोहित आणि एक लेवी म्हणजे मंदिराचा सेवक त्याला बघून निघून जातात, आणि यहुद्यांना परका वाटणारा एक शोमरोनी त्याला वाचवतो. हा मुद्दामच घेतला कारण सगळ्यांना वाटतं हा आपल्याला येतो.

पहिलं काम, मोठ्यानं वाचायचं. तुम्ही वाचा, सावकाश, आणि एकदाच. मग पुस्तक मिटा आणि एका मुलाला सांगा, आता तू सांग. गोष्ट जशी आठवते तशी, त्याच्या भाषेत. हे करायला लागल्यावर पहिले दोन तीन रविवार फार अवघड जातात, पोरं गप्प बसतात, एकमेकांना कोपर मारतात, आणि आपल्याला वाटतं आपणच सांगून टाकावं. सांगू नका. थांबा. मी मनातल्या मनात वीस आकडे मोजते, बहुतेक वेळा बाराच्या आसपास कुणीतरी तोंड उघडतं. एकानं सांगितलं की दुसऱ्याला विचारा की याचं काय राहिलं, काय जास्तीचं घातलं. आमच्या एका पोरानं एकदा गाढवाच्या जागी मोटरसायकल घातली होती, मी त्याला अडवलं नाही, बाकीच्यांनीच दुरुस्त केलं आणि मग शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, "आपलं जनावर" म्हटलंय का "गाढव" म्हटलंय यावर पोरं पुस्तकं उघडून बघायला लागली. हेच तर पाहिजे होतं.

इंग्लिश मीडियमच्या पोरांना मराठी शास्त्र वाचायला जड जातं हे मी जाणते, जोडाक्षरं अडतात, जुनी वाक्यं कळत नाहीत. त्यांच्या हातात लगेच सोपं भाषांतर देऊ नका असं मी म्हणेन. आधी कानावर पडू दे. दोन ओळी तुम्ही म्हणा, तुमच्या मागून त्यांना म्हणू दे. आपल्याकडे पाढे असेच पाठ झालेत.

मग व्याकरण. व्याकरण म्हटलं की पोरांची तोंडं पडतात, पण इथं व्याकरण म्हणजे मजकुरात काय आहे ते नीट बघणं, त्यातली नावं, जागा, शब्द ओळखीचे होणं. मी पोरांना सांगते की पेन्सिल घ्या आणि याजकाची क्रियापदं शोधा. सापडतात मोजकी, खाली येत होता, त्यानं पाहिलं, बाजूनं निघून गेला. लेव्याची पण तशीच. आता शोमरोन्याची शोधा. तिथं पोरं मोजतच बसतात: आला, पाहिलं, कळवळला, जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, सांभाळ केला, दुसऱ्या दिवशी पैसे काढून दिले, आणि वर सांगितलं की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. फळ्यावर दोन रांगा लिहा. एक छोटी, एक फळ्याच्या खालपर्यंत जाणारी. दया कशाला म्हणतात यावर तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नाही, फळाच बोलतो.

जागांचं पण तसंच. यरुशलेम ते यरीहो साधारण सत्तावीस किलोमीटर, म्हणजे सातारा वाईपेक्षा कमीच, पण तेवढ्यात रस्ता जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो, यरीहो तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. आपल्या पोरांना पसरणी घाट माहितीये, पाचगणीहून वाईला उतरताना कान बंद होतात ते माहितीये, त्यांना सांगा की त्याच्यापेक्षा मोठा उतार, झाड नाही, माणूस नाही, आणि तू एकटा चालत निघालायस. आणि दोन दीनार म्हणजे किती? मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दीनार मिळतो. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आज शेतावर दोन दिवस गेलं तर किती मिळतात ते पोरांनाच काढू दे, आमच्यात काहींच्या आया मजुरीला जातात, त्यांना हिशोब तोंडपाठ असतो आणि त्या दिवशी वर्गात तीच मुलं पुढं असतात.

आता तर्क, आणि इथं मला जरा जास्त थांबायचंय कारण मी स्वतः इथं बरीच वर्षं चुकले. मला वाटायचं वर्गात वाद नको, देवाच्या वचनावर प्रश्न कसले विचारायचे. मी चाळीस चाळीस मिनिटं बोलायचे. एकदा एका मुलानं मध्येच विचारलं की टीचर तो याजक वाईटच होता कशावरून, त्याला मेलेल्या माणसाला शिवायची बंदी नव्हती का? त्याच्या आजोबांनी त्याला बायबलमधलं लेवीय हे पुस्तक वाचून दाखवलं होतं. मी त्याला गप्प बसवलं, म्हटलं असे फाटे फोडू नयेत. तो पोरगा त्यानंतर सहा महिने वर्गात आला पण एक शब्द बोलला नाही, आणि पुढं यायचाच बंद झाला. त्याचं मला आजपण वाईट वाटतं. त्याचा प्रश्न खरा होता, लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात याजकानं जवळचे नातेवाईक सोडून कुणाच्या प्रेतानं विटाळू नये असं आहेच.

आता मी तो प्रश्न स्वतःच काढते. पोरांचे दोन गट करते, एक याजकाच्या बाजूनं आणि एक विरुद्ध. याजकाची बाजू घेणारे म्हणतात तो माणूस मेलेलाच वाटत असणार, नियम होता, मंदिराचं काम होतं. मग दुसऱ्या गटातलं कुणीतरी परत मजकुराकडं जातं आणि ओरडतं, टीचर, तो तर खाली उतरत होता! म्हणजे यरुशलेमहून घरी चालला होता, मंदिराकडं नव्हता चालला! दरवर्षी हे कुणीतरी शोधतं आणि दरवर्षी मला तेवढाच आनंद होतो. बघा, क्रियापद शोधलं नसतं तर हा मुद्दा सापडला नसता, रस्ते वेगळे दिसतात पण तिकटीवर येऊन मिळतात. वाद पूर्ण सुटला पाहिजे असं नाही, पुरावा कुठं आहे ते दाखवून बोलायची सवय लागली पाहिजे. मी एकच नियम ठेवलाय, बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं आणि मगच आपलं मांडायचं. यात चौथीतली मुलंपण तयार होतात.

त्याच दाखल्यात प्रश्न विचारायची कला प्रभूनं स्वतःच दाखवलीये. शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचा जाणकार, येऊन विचारतो की सार्वकालिक जीवनासाठी काय करू, तर येशू सरळ उत्तर देत नाही, उलट विचारतो की नियमशास्त्रात काय लिहिलंय, तू काय वाचतोस? म्हणजे शिकायला आलेल्याकडं जे आहे तिथून सुरुवात. मग शास्त्री विचारतो माझा शेजारी कोण, आणि गोष्ट संपल्यावर येशू विचारतो की या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी बराच वेळ बोटानं ओळी चाचपत होती आणि मग म्हणाली, टीचर, त्यानं विचारलं एक आणि येशूनं परत विचारलं ते वेगळंच आहे, तो विचारतोय मी कुणावर प्रेम करू आणि येशू विचारतोय तू कुणाचा शेजारी होणार. मी त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही. तिथंच प्रार्थना करून वर्ग सोडला. तुमच्या वर्गात असा क्षण आला तर राहिलेला धडा राहू द्या, पुस्तक पूर्ण करायची घाई करू नका. आणि त्याच्यावर आपलं भाष्य लावू नका, पोरीनं जे बघितलं ते तिचं आहे.

तिला मी मग पुढच्या रविवारी फक्त एवढंच विचारलं, शेवटी त्या शास्त्र्यानं उत्तरात "शोमरोनी" हा शब्द का उच्चारला नाही, "ज्यानं दया केली तो" असं का म्हणाला? यहुदी आणि शोमरोनी यांचं पटत नव्हतं हे योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या बाईच्या तोंडी येतंच. आपल्या गावात कुठल्या माणसाचं नाव घ्यायला आपली जीभ अडखळते हे पोरं आपापल्या मनात शोधतात, ते मोठ्यानं सांगायला लावू नये.

तिसरा रस्ता वक्तृत्व. म्हणजे भाषणस्पर्धेतलं हातवारे करून बोलणं नव्हे, खरं असलेलं चांगल्या शब्दांत दुसऱ्यापर्यंत नेणं. सोपे उपाय आहेत. नववीच्या मुलानं दुसरीच्या मुलांना गोष्ट सांगायची. किंवा उतारशाळेच्या मालकानं आपल्या बायकोला रात्री काय सांगितलं असेल ते लिहून आणायचं. किंवा चार ओव्या करायच्या, आमच्याकडे एका मुलीनं आजीकडून जात्यावरच्या ओवीची चाल घेऊन शोमरोन्याच्या ओव्या केल्या आणि नाताळात म्हटल्या, निम्मी मंडळी रडत होती.

इथं एक प्रश्न मला पालक नेहमी विचारतात, हे तीन रस्त्यांचं जुनं, क्लासिकल शिक्षण म्हणजे पोरांना लॅटिन शिकवायचं का. शिकवता येत असेल तर जरूर शिकवा. पण आपल्याकडे आपलं सोनं पडलंय ते आधी उचला. ऑगस्टीनच म्हणतो की इस्राएल लोकांनी मिसरमधून निघताना तिथलं सोनं बरोबर घेतलं तसं जगातलं जे खरं आणि चांगलं आहे ते ख्रिस्ती माणसानं घ्यावं. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, १६१६ साली ती छापून निघाली. पंडिता रमाबाईंनी लहानपणी आईकडून संस्कृत घेतलं, हजारो श्लोक तोंडपाठ केले, आणि मोठेपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. पाठांतरानं डोकं बंद होतं म्हणणाऱ्यांना मी रमाबाईंचं नाव सांगते. आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपल्या साताऱ्यात राहिले, १९१७ ला त्यांनी इथं देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली, तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे. आपण दर रविवारी त्यांची गीतं गातो पण पोरांना त्यातल्या शब्दांचा अर्थ विचारा, माहीत नसतो. महिन्याला त्यांचं एक गीत घ्या, पेटी ढोलकीवर बसवा, अर्थ लावा, पाठ करा. त्रिव्हियमनंतरचे चार विषय मी वर सांगितले त्यात संगीत आहे ते उगाच नाही.

पाठांतराबद्दल थोडं. सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलचं वचन, दर आठवड्याला नवीन द्यायची पद्धत आहे, मुलं रविवारी सकाळी रिक्षात पाठ करतात आणि दुपारी विसरतात. मी वर्षाला दहाच उतारे घेते पण पूर्ण घेते, स्तोत्र २३ सगळं, १ करिंथ १३ सगळं, आणि प्रत्येक वर्गात पहिली पाच मिनिटं जुनं परत म्हणायचं. थोडं पण मुरलेलं, लोणच्यासारखं. चॉकलेट द्यावं का? बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमनं ४०३ साली बेथलेहेमहून रोममधल्या लाएता नावाच्या आईला तिच्या मुलीच्या शिक्षणाबद्दल पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की अक्षरं लाकडाची किंवा हस्तिदंताची करून दे, त्यांच्याशी खेळू दे, बक्षीस दे, सोबतीला मैत्रिणी दे, हळू शिकली तर रागावू नको, कारण लहानपणी अभ्यासाची नावड बसली तर ती मोठेपणीही राहते. तेव्हा बक्षीस द्या, पण ज्याला येत नाही त्याला रांगेत उभं करून हसू होऊ देऊ नका. मी लाकडी अक्षरांचा सेट आमच्या गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलाय, सागाचे तुकडे होते त्यातून, लहान मुलं अजून त्याच्याशी खेळतात.

आणि घरच्यांना सोबत घ्या. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही वचनं घरी बसताना, रस्त्यानं चालताना, निजताना, उठताना मुलांना शिकवा असं आहे, त्यात रविवारी सकाळी दहा वाजता असं कुठंच नाहीये. मी पालकांना एकच काम देते, रात्री जेवताना पोराला विचारा आज गोष्ट काय होती, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.

शेवटचं एक काम वर्ग सुटल्यावरचं. हजेरीची वही असतेच, त्यात मी अजून एक खूण करते. आज ज्या पोराचा आवाज मी ऐकला नाही त्याच्या नावापुढं एक टिंब. पुढच्या रविवारी गोष्ट परत सांगायला मी त्याच्यापासून सुरुवात करते, आणि तो गप्प बसला तर वीस आकडे मोजते.